वार्धक्यातील बुद्धीचे मोजमाप

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांतून इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तिच्यात एक वैद्यकीय स्वरूपाचे विधान दडलेले आहे ह्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. वय झाले म्हणजे बुद्धी जावयाचीच, असे ते विधान होय. ते खरे असते, तर वृद्धांच्या विस्मरणाची चिकित्सा करण्याचे काही कारणच उरले नसते. केस पांढरे झाले म्हणून कोणी वैद्याकडे धाव घेत नाही. वस्तुतः साठी उलटलेल्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांची बुद्धी शाबूत असते. एखादे नाव आठवावयास त्यांना पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. ज्या थोड्यांची बुद्धी खरोखर ढासळत जाते, त्यांच्या मेंदूत काही निश्चित विकृती घडून आलेली असते. ह्या विकारसमूहाला स्मृतिभ्रंश असे नाव आहे. आलोइस आल्झायमर ह्या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये ज्याचे प्रथम वर्णन केले तो आल्झायमरचा रोग हा त्यांतील प्रमुख प्रकार असून, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे उद्भवणारा प्रकारही बराच आढळतो.

भाजीत मीठ घालावयाचे राहून जाणे हे कोणाच्याही हातून घडते. चाळीस वर्षे जी भाजी केली तिची कृतीच मध्यावर हरवणे, हे निराळे. पहिल्याला विसर म्हणावे, दुसऱ्याची तपासणी करावी, हे तत्त्व समजावयास कठीण नाही. परंतु पहिले कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे ठरवावयाचे कसे? ह्यासाठी स्मरण, अवधान, भाषा, हिशेब, दिशाकालाचे भान ह्या शक्तींची, म्हणजेच मानसशास्त्र ज्यांना एकत्रितपणे बोधनशक्ती म्हणते त्यांची, काही मोजपट्टी लागते. अशा मोजपट्ट्या पाश्चात्त्य देशांत तयार झाल्या आणि तेथून त्या आपल्याकडे आल्या. त्या आपल्या वृद्धांना लावताना कोणत्या अडचणी उद्भवल्या व त्यांतून भारतीय संशोधकांनी कोणता मार्ग काढला, ह्याची हकीगत प्रस्तुत प्रकरणात सांगावयाची आहे.

त्यासाठी बेंगळुरू शहराच्या उत्तरेस, बळ्ळारी रस्त्यावर वसलेल्या हेब्बाळकडे प्रथम पाहू. एके काळी हे तळ्याकाठचे खेडे होते. तळे आजही आहे; पण त्याच्या शेजारून उड्डाणपुलाची वळणे गेली आहेत आणि विमानतळाकडे धावणारी वाहने तेथे दिवसरात्र खोळंबलेली असतात. अशा वस्तीत एकाच वयाच्या तीन स्त्रिया शेजारी शेजारी राहत असतात. पहिली मूळच्या खेड्यातील. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही, परंतु कन्नड आणि तेलुगू ह्या दोन्ही भाषा ती सारख्याच सफाईने बोलते. दुसरी सेवानिवृत्त शिक्षिका. तिसरी मराठी. मराठी बोलणारी घराणी बेंगळुरूत शहाजीराजांच्या जहागिरीपासून, म्हणजे १६३८ च्या सुमारापासून आहेत, आणि त्यांना कन्नड परकी नाही. परंतु ही बाई त्यांतली नव्हे. मुलाला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी लागली म्हणून ती साताऱ्याहून त्याच्या सदनिकेत राहावयास आलेली आहे, आणि सून कामावर गेली की संध्याकाळपर्यंत तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी नसते.

ह्या तिघींना एकाच दिवशी एकाच परीक्षकासमोर बसविले, अशी कल्पना करावी. अमेरिकेतील मार्शल फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली तीस गुणांची छोटी चाचणी जगभर वापरली जाते. तीत आजची तारीख, वार व वर्ष विचारतात. तीन शब्द सांगून काही वेळाने ते परत विचारतात. शंभरातून सात व पुन्हा सात असे वजा करावयास लावतात. एक वाक्य लिहावयास आणि एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढावयास सांगतात. चोविसांहून कमी गुण पडले म्हणजे संशय घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत. चाचणी दहा मिनिटांत आटोपते आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही, हा तिचा मोठाच गुण होय.

आता पहिल्या बाईची अवस्था पाहा. जिने जन्मात पेन्सिल हाती धरली नाही ती पंचकोन काढणार कसा? वाक्य लिहिण्याचा प्रश्नच नाही. इंग्रजी तारखेशी तिचा संबंध येत नाही. अमावास्या किती दिवसांवर आली आहे हे मात्र ती न चुकता सांगेल, पण ते कोणी विचारीत नाही. बाजारात दहा जिनसांचा हिशेब ती तोंडी करते. तथापि शंभरातून सात वजा करीत बसण्याचे प्रयोजन तिला उमगत नाही. तिचे गुण चोविसांच्या पुष्कळ खाली येतात आणि कागदावर ती रोगी ठरते. उलट शिक्षिकेची गोष्ट. पूर्वी शंभर मुलांची नावे व गुण मुखोद्गत असलेली ही बाई आता कालचे बोलणे आज विसरते, गॅस चालू ठेवून बाहेर पडते. परंतु तारीख, वजाबाकी आणि पंचकोन हे तिच्या हाडीमाशी इतके मुरलेले आहेत की तिला अठ्ठावीस गुण सहज पडतात आणि ती निरोगी ठरते. तिसरीला तर प्रश्नच नीट कळत नाही. कन्नडमध्ये विचारले तरी नाही आणि इंग्रजीत विचारले तरी नाही. तिचे जे गुण येतील ते तिच्या मेंदूचे नसून परीक्षकाच्या भाषेचे असतील.

ही अडचण थोडक्यांची आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी केवळ ४४ टक्के साक्षर होत्या. स्त्रियांत हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे ज्या पट्टीने मोजावयाचे तीच चारांपैकी जवळजवळ तीन वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत कुचकामी ठरत होती.

ह्या प्रश्नाला शास्त्रीय पद्धतीने हात घालण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न हरियाणातील बल्लभगड येथे झाला. १९९० नंतरच्या दशकात भारतीय व अमेरिकन संशोधकांनी तेथील खेड्यांत स्मृतिभ्रंशाची पाहणी हाती घेतली. डॉ. मेरी गांगुली आणि डॉ. विजय चंद्रा ही तीमधील प्रमुख नावे. त्यांनी अमेरिकन चाचणीचे भाषांतर करून समाधान मानले नाही. प्रत्येक प्रश्नातून नेमकी कोणती शक्ती तपासावयाची आहे हे प्रथम ठरविले आणि त्याच शक्तीसाठी खेड्यातील अशिक्षित माणसाला कळेल असा प्रश्न शोधला. घड्याळातील वेळेऐवजी सकाळ आहे की दुपार की संध्याकाळ, असे विचारले. अवधान पाहण्यासाठी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास सांगितले. अशा रीतीने सिद्ध झालेली हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील अनेक भारतीय पाहण्यांचा ती आधार बनली. भाषांतरकारांनीही ह्या कामाकडे एकदा पाहावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. शब्दाला शब्द न देता हेतूला हेतू देणे म्हणजे काय, हे येथे चांगले दिसते.

बल्लभगडच्या पाहणीचे फलित विस्मयकारक होते. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींत आल्झायमरच्या नव्या रोग्यांचे प्रमाण, वयोमानाचा फरक हिशेबात घेऊन, दर हजारी वर्षाला ४.७ आढळले. त्याच संशोधकांना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मोनोंगहेला खोऱ्यात ते १७.५ आढळले होते. हळदीपासून शाकाहारापर्यंत अनेक गोष्टींना ह्याचे श्रेय देण्यात आले. स्वतः संशोधक मात्र सावध होते. बल्लभगडला आयुर्मान कमी. स्मृतिभ्रंश झालेला माणूस खेड्यात फार काळ जगत नाही. पाठपुरावा थोड्याच वर्षांचा. रोगाची जोखीम वाढविणाऱ्या एका जनुकाचे प्रमाणही तेथे कमी होते. शिवाय, ज्या घरात आजोबांना हिशेब करावा लागत नाही, गाडी चालवावी लागत नाही व ज्यांना प्रत्येक गोष्ट कोणीतरी हातात आणून देते, तेथे बुद्धीची झीज बरीच पुढे जाईपर्यंत कोणाच्या ध्यानातच येत नाही. एकत्र कुटुंब रोग टाळीत नसेल, पण तो झाकून ठेवते एवढे निश्चित.

आपल्याकडील आकडे पाहिले तरी हाच गोंधळ दिसतो. मुंबईतील एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, पासष्टीनंतरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत भरले. २०१० मधील पुण्याच्या पाहणीत ते सुमारे चार टक्के होते. त्यानंतर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर हाती घेतलेल्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाला जोडून, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने ४,०९६ वृद्धांची सविस्तर तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणे साठीनंतरच्या भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, एवढे आहे. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक, खेड्यांत शहरांपेक्षा अधिक. वीस वर्षांत रोग तिपटीने वाढला असा अर्थ ह्यातून काढणे घाईचे होईल. वयोमर्यादा वेगळ्या, निदानाचे निकष वेगळे, आणि मुख्य म्हणजे पट्टी वेगळी. स्त्रिया व खेडी ह्यांचे आकडे मोठे का, ह्याचा विचार करतानाही शाळा कोणाला मिळाली नाही हे लक्षात ठेवावे लागते. शिक्षणाच्या अभावी मेंदू खरोखर लवकर थकतो, की शिक्षणाच्या अभावी माणूस चाचणीत लवकर नापास होतो? बहुधा दोन्ही, पण कोणते किती, हे एका दिवसाच्या तपासणीतून सांगता येत नाही.

ह्यावर एक तोड सापडलेली होती. १९९८ मध्ये कोची येथे भरलेल्या बैठकीतून एक आंतरराष्ट्रीय संशोधकगट स्थापन झाला. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रोगी विकसनशील देशांत आणि संशोधन मात्र तेथे दहा टक्क्यांहूनही कमी, ह्या विषमतेवरून त्याने ‘दहा/सहासष्ट’ असे नाव धारण केले. ह्या गटाने वृद्धाच्या उत्तरांना घरच्या माणसाच्या साक्षीची जोड दिली. आई पूर्वी सणाचा स्वयंपाक एकटी करीत असे, आता तिला जमते का? ओळखीच्या रस्त्यावर ती चुकते का? जेवण झाल्याचे विसरून पुन्हा ताट मागते का? ह्या प्रश्नांना शाळा लागत नाही. अर्थात साक्षीदारही निर्दोष नसतो. सासूवर रुष्ट असलेली सून सर्वत्र बिघाड पाहते आणि दूर राहणारा मुलगा फोनवरच्या दोन वाक्यांवरून आई उत्तम आहे असे सांगतो.

परंतु ह्या प्रश्नांच्या मुळाशी एक मोलाची कल्पना आहे. माणसाची तुलना शाळेशी किंवा अमेरिकेशी न करता त्याच्या स्वतःच्या गतकालाशी करावी, ही ती कल्पना होय. हीच कल्पना बेंगळुरूच्या संशोधकांनी पूर्णत्वास नेण्याचे ठरविले.

हेब्बाळपासून काही किलोमीटरवर भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण, वृक्षाच्छादित आवार आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेत मेंदू संशोधन केंद्र नावाची स्वायत्त संस्था उभी राहिली आहे. इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन व त्यांच्या पत्नी सुधा गोपालकृष्णन ह्यांच्या न्यासाने तीसाठी २२५ कोटी रुपयांची देणगी दिली. इमारतीची कोनशिला २०१५ मध्ये बसली व तिचे उद्घाटन जून २०२२ मध्ये झाले. तत्पूर्वी हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभारणाऱ्या डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ ह्या ह्याही केंद्राच्या संस्थापक संचालिका होत.

ह्या केंद्राने दोन अभ्यास समांतर चालविले आहेत. एक बेंगळुरू शहरात, सुमारे एक हजार नागरिकांचा, टाटा न्यासांच्या साहाय्याने. दुसरा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात, दहा हजार ग्रामस्थांचे उद्दिष्ट ठेवून. ग्रामीण अभ्यास २०१८ मध्ये सुरू झाला. दोहोंत पंचेचाळीस वर्षांवरील, ज्यांना स्मृतिभ्रंश झालेला नाही अशाच व्यक्ती घेतल्या आहेत. हीच त्यांतील मर्माची गोष्ट होय. रोग झाल्यावर माणूस शोधावयाचा नाही. माणूस आधी शोधावयाचा आणि रोग येतो की नाही हे पाहत राहावयाचे. प्रत्येकाची प्रकृती, आहार, रक्त, आनुवंशिक घटक आणि मेंदूची चुंबकीय प्रतिमा ह्यांची नोंद घेतली जाते. संगणकाच्या पडद्यावर घेतली जाणारी, मूळची फ्रान्समधील बोधनचाचणी कन्नडमध्ये रुळवून वापरली जाते. आणि ठरावीक अंतराने हे सारे पुन्हा केले जाते.

ह्यामुळे पट्टीच्या दोषाचा बराचसा परिहार होतो. सदोष वजनकाट्यावर दोन माणसांची तुलना केली तर फसगत होण्याचा संभव असतो. परंतु त्याच काट्यावर तोच माणूस दर दोन वर्षांनी उभा राहिला, तर तो झिजतो आहे की नाही हे कळते. श्रीनिवासपूरच्या शेतकरी स्त्रीला तीसांपैकी वीस गुण पडोत; पुढील खेपेस वीसच पडले तर ती ठीक आहे, सोळा पडले तर नाही. शिक्षिकेच्या बाबतीत तीसावरून सव्वीसवर येणे ही धोक्याची सूचना असते, जरी सव्वीस हा आकडा स्वतः निरुपद्रवी दिसला तरी.

ह्या पद्धतीलाही दोष आहेत. तीच चाचणी पुन्हापुन्हा दिल्याने ती अंगवळणी पडते आणि थोडी झीज झाकली जाते. अधिक गंभीर गोष्ट म्हणजे, जे पुढील तपासणीला येत नाहीत ते बहुधा आजारी, परगावी नेलेले वा मृत असतात; मागे उरलेल्यांची सरासरी त्यामुळे खोटेच निरोगी चित्र दाखविते. म्हणून अशा अभ्यासात विज्ञान जितके प्रयोगशाळेत असते तितकेच ते खेड्यातील दारी पुन्हा जाऊन नमस्कार करण्यात असते. आणि पैसा व धीर ह्या दोन्हींचा खर्च एखाद्या वर्षाचा नसून दशकांचा असतो.

श्रीनिवासपूरची सीमा आंध्र प्रदेशाला लागून आहे आणि तेथे घरोघर कन्नडबरोबर तेलुगू चालते. हा उल्लेख उगाच केलेला नाही. ज्यांनी बुद्धीचा व्यायाम अधिक केला त्यांच्या मेंदूत काही गंगाजळी साठून राहते आणि झीज सुरू झाल्यावर ती पुष्कळ काळ पुरते, असे एक मत आहे. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन ह्यांनी ६७८ जोगिणींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांतील काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर आल्झायमरच्या खुणा विपुल सापडल्या, तरी जिवंतपणी त्यांची बुद्धी तल्लख होती. पण आपल्याकडे ज्यांना शाळाच मिळाली नाही त्यांच्यापाशी गंगाजळी कोठून असणार? एक उत्तर भाषेत सापडते. डॉ. सुवर्णा अल्लाडी ह्यांनी हैदराबाद येथे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची सुरुवात एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती. आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. तिसरी-चौथी भाषा येत असल्याने अधिक लाभ मात्र आढळला नाही. पुढे डॉ. अल्लाडी बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, आल्या.

ह्या निष्कर्षाने हुरळून जाण्याचे कारण नाही. रोग केव्हा सुरू झाला हे येथे घरच्यांच्या स्मरणावरून ठरविलेले आहे आणि अन्यत्र निरोगी माणसांना वर्षानुवर्षे अनुसरणाऱ्या अभ्यासांत दर वेळी असा लाभ दिसलेला नाही. परंतु हेब्बाळच्या पहिल्या बाईकडे आता थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. पंचकोन तिला येत नसेल. बसमध्ये, बाजारात आणि माहेरी सतत भाषा बदलण्याची सवय मात्र तिला शाळेविना लाभलेली आहे. तिसरीच्या बाबतीतही भाषेचा विचार आवश्यक आहे. स्मृतिभ्रंशात उत्तर आयुष्यात शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि मातृभाषा मागे राहते, असे चिकित्सक सांगतात. तिची तपासणी मराठीतच झाली पाहिजे. आणि मराठी जाणणारा परीक्षक नसेल, तर निदान घाईने करू नये.

घाई न करण्याचे आणखीही एक कारण आहे. बुद्धी मंदावल्याचा भास निर्माण करणाऱ्या पुष्कळ गोष्टी बऱ्या होण्याजोग्या असतात. अवटू ग्रंथीचा स्राव कमी झाला तरी माणूस मंद होतो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही तेच घडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या पथकाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोनतृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. ऐकू कमी येणारा म्हातारा चुकीची उत्तरे देतो आणि भ्रमिष्ट समजला जातो. मोतीबिंदूवाल्याचे तसेच. ह्या साऱ्यांची तपासणी तालुक्याच्या गावी होऊ शकते. आणि सर्वांत फसवे ते औदासीन्य. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय वार्धक्य अभ्यासात साठीनंतरच्या ८.३ टक्के व्यक्तींत नैराश्याची ठळक लक्षणे आढळली. आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे असे सांगणारे मात्र ०.८ टक्केच निघाले. दहांतील नऊ जण कोणत्याच दप्तरी नाहीत. साताऱ्याहून आलेली बाई बोलत नाही, जेवत नाही, विचारलेले तिच्या ध्यानात राहत नाही. तिला रोग कोणता, हा प्रश्न तिला दिवसभर कोणाशी बोलता येते का, ह्या प्रश्नापासून सुटा करता येत नाही.

लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अल्प शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा, दूषित हवा, अंधुक दृष्टी इत्यादी चौदा कारणे मोजली. ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्याचा अंदाज आहे. अंदाजच तो, परंतु नव्या औषधांशी ताडून पाहिल्यास त्याचे वजन कळते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या लेकानेमॅब ह्या औषधाने दीड वर्षात रोगाची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, म्हणजे अठरा गुणांच्या मापावर अर्ध्या गुणाहूनही कमी फरक पडला. आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका त्याबरोबर स्वीकारावा लागतो.

रोग जडलाच तर पुढे काय? ह्याचे उत्तर शोधण्याचे उत्तम काम गोव्यात झालेले आहे. तेथे डॉ. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स ह्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना ओळखू येतात. पण तो आजार न मानता वयाचा धर्म किंवा मुलांच्या दुर्लक्षाचे फळ मानला जातो. म्हणजे आईला भ्रंश झाला की बोल सुनेला लागतो. पुढे डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्देश व तिसवाडी तालुक्यांतील ८१ कुटुंबे निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या घरी, बारावीपर्यंत शिकलेल्या व कोकणी बोलणाऱ्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या सल्लागार सहा महिने जात राहिल्या. रुग्ण रात्री उठून बाहेर का जातो, पैसे चोरल्याचा आळ सुनेवर का घेतो, त्या वेळी वाद न घालता काय करावे, निराधार योजनेचे पैसे कसे मिळवावेत, एवढेच त्या सांगत. गरज पडेल तेव्हा पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले व त्यांना होणारा जाच कमी झाला. रुग्णांच्या लक्षणांत मात्र सिद्ध म्हणता येईल असा फरक पडला नाही.

हा निष्कर्ष कोणाला तोकडा वाटेल. आमचे मत निराळे आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोटगी मागण्याचा हक्क दिला आणि त्यांना टाकून देणाऱ्यास शिक्षा सांगितली. तो हक्क आवश्यकच होता. परंतु जी सून सासूला टाकीत नाही, तिच्या वाट्याला येणाऱ्या जागरणाची दखल त्यात नाही. गोव्याच्या प्रयोगाने ती घेतली, आणि तीही दोन तालुक्यांत सापडतील अशाच माणसांकडून.

त्याच गटाने पुढे नैराश्याच्या उंबरठ्यावरील १८१ वृद्धांवर दुसरा प्रयोग केला. सामान्य शिक्षणाच्या समुपदेशकांनी त्यांच्या अडचणी एकेक करून सोडविण्यास, झोप सुधारण्यास व सरकारी मदत मिळविण्यास साहाय्य केले. वर्षभरात पूर्ण नैराश्यात गेलेल्यांचे प्रमाण ह्या गटात ४.४ टक्के राहिले. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात ते १४.४ टक्के होते. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अशा मदतीने पुढील आयुष्यात स्मृतिभ्रंशही काही अंशी लांबतो काय, हे मात्र एका वर्षाच्या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे पाहावी लागतात आणि तेथे श्रीनिवासपूरच्या नोंदी उपयोगी पडतील. २०१८ मध्ये तेथे पंचेचाळीस वर्षांची म्हणून नोंदविलेली स्त्री २०३८ मध्ये पासष्ट वर्षांची होईल. ती तिच्या आईपेक्षा अधिक शिकलेली असण्याचा संभव आहे, तिला मधुमेह असण्याचाही संभव आहे, आणि तिचा मुलगा कदाचित हेब्बाळच्या एखाद्या सदनिकेत राहत असेल. तिच्या मेंदूची पहिली प्रतिमा, तिच्या रक्ताचा पहिला नमुना आणि चाचणीतील तिचे पहिले गुण तोपर्यंत केंद्रात जपून ठेवलेले असतील.